जिवंत पेशींतले आरओएस आणि चमकणारे प्रोब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून एमएस्सीचे प्रकल्प आणि पीएचडी करणारी मुलेमुली वर्षभर मला प्रश्न पाठवत असतात. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की त्यांचा ओघ वाढतो. जिवंत पेशींतले आरओएस प्रोबने, म्हणजे त्यांच्यामुळे चमकू लागणाऱ्या डायने, कसे मोजायचे याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आरओएस म्हणजे नेमके काय? ते वाईटच असतात का?

रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज. ऑक्सिजनपासून बनणाऱ्या आणि चटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूंचे हे सामायिक नाव आहे. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल, सिंगलेट ऑक्सिजन, हायपोक्लोरस आम्ल हे सगळे त्यात येतात. पेशीत ते मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स १ व ३ मध्ये आणि पेशीपटलावरच्या एनएडीपीएच ऑक्सिडेज एन्झाइमांमुळे तयार होतात.

या रेणूंचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. हायड्रॉक्सिल रॅडिकल नॅनोसेकंदभर टिकते आणि जन्मते तिथेच कशावर तरी आदळते. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यामानाने शांत. तो पेशीत नॅनोमोलर पातळीवर कायम असतो, थोडे अंतर कापतो आणि प्रथिनांतल्या ठरावीक सिस्टीन या अमिनो आम्लांना स्पर्श करून निरोप पोचवतो. वाढीचे संकेत, जखम भरणे, पांढऱ्या पेशींनी जंतू मारणे, यातले काहीच आरओएसशिवाय चालत नाही. म्हणून ‘आरओएस किती?’ असे विचारू नका. कोणता रेणू, पेशीच्या कोणत्या भागात आणि कधी, हे विचारा. पुढची सगळी उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

२. प्रोब चमकतो म्हणजे आत काय घडते?

नेहमीचे बहुतेक प्रोब ‘क्षपित’ अवस्थेत मिळतात आणि त्या अवस्थेत ते जवळजवळ अंधारे असतात. कोणी त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की रेणूतली दुहेरी बंधांची साखळी पूर्ण होते आणि ते प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडू लागतात. बोरोनेट गटाच्या प्रोबांची रीत वेगळी आहे. त्यांच्यातला झाकणासारखा गट पेरॉक्साइडने तुटतो आणि डाय मोकळा होतो.

दोन्ही प्रकारांत झालेला बदल परत फिरत नाही. तीस मिनिटांनी दिसणारी चमक ही त्या तीस मिनिटांची बेरीज असते. त्या क्षणी पेशीत किती आरओएस आहेत ते तिच्यावरून कळत नाही. क्षणाक्षणाचा चढउतार हवा असेल तर प्रश्न १३ पाहा.

३. आमच्याकडे प्लेट रीडर आणि साधा फ्लोरेसन्स मायक्रोस्कोप आहे. कोणता प्रोब मागवू?

आधी प्रश्न १ मधला तुमचा प्रश्न ठरवा, मग ऑर्डर द्या. ‘ऑक्सिडेशन एकंदरीत वाढले का’ एवढेच पाहायचे असेल तर डीसीएफडीए स्वस्त आहे आणि पुरतो, पण त्याच्या मर्यादा मान्य करून (प्रश्न ४). सुपरऑक्साइडसाठी डीएचई, मायटोकॉन्ड्रियातल्या सुपरऑक्साइडसाठी मायटोसॉक्स. पेशीबाहेर सुटणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी ॲम्प्लेक्स रेड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज ही जोडी चांगली आहे. त्यातून तयार होणारे रेसोरुफिन ५८५ नॅनोमीटरच्या आसपास चमकते. स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडेशन, विशेषतः फेरॉप्टोसिस (लोहामुळे होणारा पेशीमृत्यू) पाहायचा असेल तर बॉडिपी ५८१/५९१ सी-११ घ्या. ऑक्सिडेशन झाले की त्याची चमक लालाकडून हिरव्याकडे सरकते, त्यामुळे दोन चॅनेलचे गुणोत्तर काढता येते आणि डाय कमीजास्त शिरल्याचा दोष बराच कमी होतो.

मायक्रोस्कोपचे फिल्टर कोणते आहेत ते प्रोबच्या आधी तपासा. फिल्टर नसलेला प्रोब फ्रीजरमध्ये पडून राहतो आणि अनुदानाचे पैसे वाया जातात.

४. डीसीएफडीए हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतो असे सगळेच लिहितात. मीही लिहू का?

नको. हा डाय पेशीत शिरतो, एस्टरेज एन्झाइम त्याचे ॲसिटेट गट काढून टाकतात आणि आत अडकलेला डीसीएफएच ऑक्सिडाइझ होऊन डीसीएफ बनतो. डीसीएफ ४८८ नॅनोमीटरला उत्तेजित होतो आणि ५२५ च्या आसपास हिरवा चमकतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. अडचण मधल्या पायरीवर आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड एकटा डीसीएफएचशी जवळपास अभिक्रिया करतच नाही. त्याला लोह, पेरॉक्सिडेज किंवा सायटोक्रोम सी अशी कोणाची तरी मध्यस्थी लागते. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडले, तर पेरॉक्साइड तितकाच राहूनही चमक वाढते. लायसोसोममधले लोह सुटले तरी तेच. पेरॉक्सिनायट्राइटपासून सुटणारी रॅडिकल्स आणि हायपोक्लोरस आम्लही त्याला चमकवतात.

शिवाय हा डाय स्वतःच भर घालतो. ऑक्सिडेशनच्या मधल्या टप्प्यावर तयार होणारे त्याचे रॅडिकल ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते. त्यातून सुपरऑक्साइड बनतो, सुपरऑक्साइडपासून पेरॉक्साइड, आणि सिग्नल आपोआप फुगत जातो.

गल्लीतला कुत्रा भुंकला की कोणीतरी आले एवढे कळते, कोण आले ते उठून पाहावे लागते. डीसीएफडीएचे तसेच आहे. प्रबंधात ‘डीसीएफ-संवेदी ऑक्सिडेशन वाढले’ असे लिहा. ते खरे आहे आणि परीक्षकासमोर टिकते.

५. डीएचईने पेशी लाल झाल्या. सुपरऑक्साइड सिद्ध झाला ना?

अर्धाच. सुपरऑक्साइडबरोबर डीएचईपासून २-हायड्रॉक्सीएथिडियम बनते. इतर ऑक्सिडीकारकांमुळे साधे एथिडियम बनते, आणि पेशीत बहुतेक वेळा तेच जास्त असते. दोन्ही लाल, दोन्ही डीएनएला चिकटणारे, दोघांचे वर्णपट एकमेकांवर पडलेले. नेहमीच्या हिरव्या उत्तेजनाने मायक्रोस्कोपखाली ते वेगळे करता येत नाहीत. ४०५ नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित केले तर २-हायड्रॉक्सीएथिडियमचा वाटा तुलनेने वाढतो, पण ठाम विधान करायचे तर पेशींचा अर्क काढून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) दोन शिखरे वेगळी दाखवावी लागतात. एचपीएलसी नाशिकमधल्या अनेक फार्मसी महाविद्यालयांत आहे. रसायनशास्त्र विभागाच्या पलीकडे जाऊन विनंती करा, लोक मदत करतात.

६. मायटोसॉक्स मायटोकॉन्ड्रियाऐवजी केंद्रकात दिसतोय. डाय खराब आहे का?

बहुधा डाय जास्त झाला आहे. मायटोसॉक्स म्हणजे डीएचईलाच जोडलेला ट्रायफिनाइलफॉस्फोनियमचा धनभारित शेपटा. मायटोकॉन्ड्रियाच्या आतली बाजू ऋणभारित असल्याने तो तिकडे ओढला जातो. मात्रा वाढली की मायटोकॉन्ड्रियाचे श्वसनच बिघडते, पटलाचा विभव (दोन बाजूंमधला विद्युत फरक) घसरतो आणि ऑक्सिडाइझ झालेला डाय बाहेर येऊन केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो. अनेक प्रोटोकॉलांत ५ मायक्रोमोलर दिलेले असते. मी १ मायक्रोमोलर किंवा त्याहून कमीने सुरुवात करायला सांगते.

याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. तुमचे औषध मायटोकॉन्ड्रियाचा विभव कमी करत असेल तर प्रोब मुळात आत कमी जाईल, आणि ‘औषधाने सुपरऑक्साइड घटला’ असा खोटा निष्कर्ष निघेल. टीएमआरएमसारख्या डायने विभव वेगळा मोजा. प्रश्न ५ मधली एथिडियमची अडचण इथेही जशीच्या तशी लागू आहे.

७. पेशी स्टेन करायची साधी पद्धत सांगाल का?

डीसीएफडीएसाठी ५ ते १० मायक्रोमोलर, ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटे, अंधारात. स्टेन करताना सीरम नको, कारण सीरममधले एस्टरेज डायचे ॲसिटेट गट पेशीबाहेरच काढतात आणि मग तो आत जात नाही. फिनॉल रेड नसलेला बफर घ्या, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेला एचबीएसएस चालतो. नंतर दोनदा हलक्या हाताने धुवा. डाय ज्यात विरघळवतात तो डीएमएसओ शेवटी ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही द्या.

पॉझिटिव्ह कंट्रोलशिवाय, म्हणजे चमक हमखास वाढायला हवी अशा नमुन्याशिवाय, प्रयोग करूच नका. डीसीएफडीएसाठी टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड किंवा १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, मायटोसॉक्ससाठी अँटिमायसिन ए. पेरॉक्साइडची बाटली जुनी असेल तर २४० नॅनोमीटरला शोषण मोजून त्याची खरी तीव्रता काढा. लेबलवरचा आकडा बाटली उघडल्यावर फार दिवस खरा राहत नाही.

आणखी एक कंट्रोल जवळपास कोणी करत नाही : आधीच ऑक्सिडाइझ झालेला डाय घेऊन तोच प्रयोग. काही पेशी डीसीएफ पंपाने बाहेर फेकतात. तुमचे औषध तो पंप अडवत असेल तर आरओएस न वाढताही पेशी उजळतात, आणि हा प्रकार याच कंट्रोलमध्ये उघडा पडतो.

८. जानेवारीत डायचा स्टॉक बाहेर ठेवला तरी घट्टच राहतो. खराब झाला का?

नाही. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो आणि नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी प्रयोगशाळेतला पारा सहज त्याखाली असतो. निफाडकडे तर बोलायलाच नको. नळी ३७ अंशांवर पूर्ण वितळू द्या आणि हलवून एकजीव करा. अर्धवट वितळलेल्या नळीतून घेतलेल्या थेंबात डाय किती आला ते सांगता येत नाही.

खरी काळजी पावसाळ्यात घ्या. डीएमएसओ हवेतली ओल शोषतो आणि ओल आली की डीसीएफडीएचे ॲसिटेट गट नळीतच सुटू लागतात. गार नळी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एका प्रयोगापुरत्या लहान नळ्या भरून फॉइलमध्ये उणे २० अंशांवर ठेवा, आणि वापरलेली नळी परत गोठवू नका.

९. काहीच न दिलेल्या पेशीसुद्धा चमकतात. कुठे चुकते आहे?

चार गोष्टी पाहा : डाय आधीच ऑक्सिडाइझ झाला आहे का (प्लेटच्या पेशी नसलेल्या विहिरीत, म्हणजे खळग्यात, डाय घालून मोजा), पेशींची स्वतःची चमक किती (डाय न दिलेल्या पेशी मोजा), धुणे नीट झाले का, आणि प्रकाश.

प्रकाश हाच बहुतेकांचा गुन्हेगार निघतो. निळ्या उजेडात डीसीएफएच स्वतःहून ऑक्सिडाइझ होतो. याची खात्री करून घ्यायची असेल तर ४० च्या ऑब्जेक्टिव्हने एकच जागा मिनिटभर पाहत राहा, मग १० च्या ऑब्जेक्टिव्हवर या. जिथे पाहत होता तिथे आजूबाजूपेक्षा उजळ गोल ठिपका दिसेल. पेशींनी काही केलेले नाही, ती चमक तुमच्या दिव्याने तयार केली आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विद्यार्थी फोकस साध्या उजेडात लावायला लागतात. शटर फक्त फोटोपुरते उघडा, प्रत्येक फोटोला नवी जागा घ्या, आणि कंट्रोल व उपचारित स्लाइडचा एक्स्पोजर व गेन तंतोतंत सारखा ठेवा. पारा-दिवा असेल तर व्होल्टेजबरोबर उजेडही वरखाली होतो, म्हणून दर वेळी एकाच संदर्भ स्लाइडने तपासा.

१०. द्राक्षबियांचा अर्क अँटिऑक्सिडंट असतो, मग मात्रा वाढवल्यावर माझ्या पेशींत आरओएस वाढलेले का दिसतात?

आपल्या भागातला हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. द्राक्षाच्या बिया, वाइन काढून उरलेला चोथा, लासलगावच्या कांद्याची साल, साऱ्यांची कहाणी एकच आहे. त्यांतली पॉलिफिनॉले पेशीत जाण्याआधीच मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रावणात) ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात. डीएमईएमसारख्या मीडियमचा सामू आणि त्यातले धातूंचे अंश या ऑक्सिडेशनला पोषक असतात, आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. गॅलिक आम्ल आणि कॅटेचिन यात अग्रेसर. मग पेशी पाहतात तो अर्क नसतो, बाटलीत बनलेला पेरॉक्साइड असतो. ‘अर्काने कर्करोगाच्या पेशी आरओएस वाढवून मारल्या’ या वाक्याखाली कित्येकदा एवढेच दडलेले असते.

तपासायचे असे. पेशी नसलेल्या मीडियममध्ये अर्क घाला, ३७ अंशांवर तासभर ठेवा आणि पेरॉक्साइड मोजा. ॲम्प्लेक्स रेड इथे नको, कारण पॉलिफिनॉले पेरॉक्सिडेजशी स्वतःच अभिक्रिया करून आकडा खाली ओढतात. झायलेनॉल ऑरेंज वापरणारी फॉक्स पद्धत बरी, पण तीतही मुद्दाम माहीत असलेला पेरॉक्साइड घालून तो पुरा परत सापडतो का ते पाहा. दुसरा मार्ग म्हणजे मीडियममध्ये कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारे एन्झाइम) घालून पूर्ण प्रयोग पुन्हा करा. कॅटलेज पेशीत शिरत नाही. त्यामुळे परिणाम गायब झाला तर उगम बाहेर होता. तापवून निष्क्रिय केलेले कॅटलेज हा त्याचा कंट्रोल.

मीडियमची बाटलीही वाचा. सोडियम पायरुवेट असलेले मीडियम पेरॉक्साइड गिळून टाकते. एका प्रयोगशाळेत अर्क विषारी आणि दुसरीत निरुपद्रवी ठरतो त्यामागे कधी कधी एवढाच फरक असतो.

आणि बागेचा इतिहास विचारा. छाटणीनंतर आणि पावसाळी हवेत बोर्डो मिश्रण मारलेले असते, त्यातले तांबे सालीवर आणि चोथ्यात उतरते. तांब्याचा अंश पॉलिफिनॉलांचे ऑक्सिडेशन वाढवतो आणि पेरॉक्साइडपासून रॅडिकल्सही तयार करतो. अर्कातले तांबे अणुशोषण पद्धतीने मोजून घ्या. शेतकऱ्याला फवारणीच्या तारखा विचारायला लाजू नका, त्या त्यांच्या वहीत असतात.

११. हळद किंवा डॉक्सोरुबिसिन दिलेल्या पेशींत कोणता प्रोब वापरू?

कर्क्युमिन स्वतः हिरवे चमकते, म्हणून डीसीएफडीए नको. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल चमकते आणि केंद्रकात जाऊन बसते, म्हणून डीएचई आणि मायटोसॉक्स नको. लाल द्राक्षाच्या अर्कातली अँथोसायनिने प्रकाश शोषून आकडा कमीही करतात. कोणताही नवा पदार्थ असो, पहिल्या दिवशी प्रोब न घालता फक्त पदार्थ दिलेल्या पेशी सर्व चॅनेलमध्ये पाहा.

१२. एनएसी दिल्यावर चमक कमी झाली. आता तरी सिद्ध झाले?

नाही. एन-ॲसिटिल सिस्टीन हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड यांच्याशी इतक्या सावकाश अभिक्रिया करते की पेशीतल्या पेरॉक्सिरेडॉक्सिन या पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमांसमोर तिचा टिकाव लागत नाही. ती सिस्टीन पुरवते, ग्लुटाथायोन वाढवते, प्रथिनांतले डायसल्फाइड बंध तोडते आणि कधी कधी थेट तुमच्या औषधालाच जोडली जाते. शिवाय ती आम्ल आहे. ५ मिलिमोलर घालताना सामू जुळवला नाही तर पेशी त्या आंबटपणालाच प्रतिसाद देतात.

त्यापेक्षा स्रोताला किंवा एकाच रेणूला हात घाला : पेशीत कॅटलेज वाढवणे, एनएडीपीएच ऑक्सिडेजचे जनुक दाबणे, मायटोकॉन्ड्रियात एसओडी-२ (सुपरऑक्साइड मोडणारे एन्झाइम) वाढवणे. २०२२ मध्ये ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये या क्षेत्रातल्या अनेक जाणकारांनी मिळून आरओएस मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ‘अँटिऑक्सिडंटने थांबले म्हणजे आरओएसच’ या सवयीला त्यात स्पष्ट हरकत घेतली आहे. प्रबंध सुरू करण्याआधी ती वाचाच.

१३. हायपर, रोजीएफपी ही नावे ऐकतो. आपल्यासारख्या महाविद्यालयात ते जमेल का?

जमेल, आणि जमावे असे मला मनापासून वाटते. हे प्रथिनांचे प्रोब आहेत. त्यांचे जनुक पेशीत घातले की पेशी स्वतःच प्रोब बनवते आणि पत्ता जोडला तर मायटोकॉन्ड्रियात किंवा केंद्रकात नेऊन ठेवते. २००६ मध्ये आलेल्या हायपरमध्ये ई. कोलाय जिवाणूच्या ऑक्सीआर प्रथिनाचा पेरॉक्साइड ओळखणारा भाग पिवळ्या फ्लोरेसंट प्रथिनात बसवला आहे. ४२० आणि ५०० नॅनोमीटरला आळीपाळीने उत्तेजित करून गुणोत्तर काढतात. रोजीएफपी२-ओआरपी१ मध्ये ४०५ आणि ४८८ ची जोडी लागते. दोन्ही उलटसुलट फिरतात, म्हणजे पेरॉक्साइड ओसरला की सिग्नलही उतरतो.

मूळ हायपर सामूलाही प्रतिसाद देतो, म्हणून त्याच्याबरोबर सायफर हा पेरॉक्साइड न ओळखणारा भाऊबंद कंट्रोल म्हणून चालवावाच लागतो. २०२० च्या हायपर-७ मध्ये ही अडचण जवळजवळ राहिलेली नाही. जनुके घालण्याच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते. तो अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात करा.

१४. इथे स्टेन करून नमुने पुण्याला कॉन्फोकल मायक्रोस्कोपसाठी नेले तर चालेल का?

नाही चालणार. नाशिक ते पुणे दोनशेहून अधिक किलोमीटर, गाडीत निदान चार-पाच तास. तेवढ्या वेळात डाय गळतो, पेशी गार होतात, कार्बन डायऑक्साइड नसल्याने सामू बदलतो, आणि ऑक्सिडेशन चालूच राहते. तुम्ही मोजाल तो प्रवासाचा परिणाम असेल. न स्टेन केलेल्या पेशी बंद झाकणाच्या, मीडियमने गळ्यापर्यंत भरलेल्या फ्लास्कमध्ये न्या, तिथल्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर स्थिरावू द्या आणि दुसऱ्या दिवशी औषध व स्टेन तिथेच करा. दोन दिवसांचा वेळ आरक्षित करा आणि पॉझिटिव्ह कंट्रोलचे सामान सोबत ठेवा.

१५. मग पेशी फिक्स करून (रसायनाने आहे त्या स्थितीत थांबवून) नेल्या तर?

डीसीएफ फिक्स केल्यावर पेशीत राहत नाही. सेलरॉक्स या प्रोबांपैकी ग्रीन आणि डीप रेड फॉर्माल्डिहाइडनंतर टिकतात, ऑरेंज नाही. त्यातही डिटर्जंट चालतो तो फक्त ग्रीनला. पण ग्रीन डीएनएला चिकटून चमकतो, त्यामुळे केंद्रकातली चमक पाहून आरओएस तिथेच तयार झाले असे म्हणू नका.

१६. केवडा रोग आलेल्या द्राक्षाच्या पानात आरओएस पाहायचे आहेत. हेच प्रोब चालतील?

चालतील, पण पान सोपे नाही. हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास प्रखर लाल चमकते, पेशीभित्तिका आणि फिनॉले निळी-हिरवी चमकतात, आणि रोग लागलेल्या जागी ही फिनॉले वाढतातच. म्हणजे जिथे आरओएस शोधायचे तिथेच पार्श्वभूमी जास्त. डीसीएफडीए घ्यायचा तर उत्सर्जन ५०५ ते ५३० इतके अरुंद ठेवा आणि त्याच झाडाचे, त्याच वयाचे रोगट पान डाय न घालता शेजारी ठेवा. मेणाचा थर डाय आत येऊ देत नाही, म्हणून खालच्या बाजूची साल सोलून तिच्यावरच्या रक्षकपेशी पाहणे सोयीचे. पान कापल्यावर जखमेमुळेही आरओएस उसळतात, तेव्हा काठापासून दूर पाहा.

फक्त जागा दाखवायची असेल तर डीएबीचा तपकिरी आणि एनबीटीचा निळा डाग हे जुने मार्ग अजूनही उत्तम आहेत. फ्लोरेसन्स वापरला म्हणजे काम मोठे झाले, असे नाही.

१७. प्लेट रीडरवर आरओएस वाढले, मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही. कोणाचे ऐकू?

आधी पेशी मोजा. प्लेट रीडर सगळ्या विहिरीची बेरीज देतो, त्यात पेशीबाहेर गळलेला डायही येतो आणि पेशींची संख्याही. औषधाने निम्म्या पेशी मेल्या असतील तर आकड्याला अर्थ उरत नाही. मेलेल्या पेशी डीसीएफ गमावतात म्हणून अंधारतात, पण डीएचईत त्याच उजळतात, कारण एथिडियमला डीएनए मोकळा सापडतो. म्हणून जिवंत-मृत ओळखणारा, वेगळ्या रंगाचा डाय बरोबर वापरा आणि शक्य असेल तर फ्लो सायटोमीटरवर फक्त जिवंत पेशी निवडा. औषध दिल्यावर २४ तासांनी मोजण्यापेक्षा पेशी धडधाकट असताना, पहिल्या एक-दोन तासांत मोजा. उशिरा दिसणारे आरओएस हे मरणाचे कारण नसून परिणामच असू शकतात.

१८. आकृतीखाली नेमके काय लिहू?

प्रोबचे पूर्ण नाव, मात्रा, वेळ, तापमान, बफर, उत्तेजन व उत्सर्जन, एक्स्पोजर, किती स्वतंत्र प्रयोग आणि प्रत्येकात किती पेशी. एकाच प्लेटवरच्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पॉझिटिव्ह कंट्रोल आणि डाय नसलेल्या पेशी त्याच आकृतीत, त्याच ब्राइटनेसवर दाखवा. रेणूचे नाव लिहिण्याआधी प्रश्न ४, ५ आणि १२ पुन्हा वाचा. शंका उरलीच तर मूळ फोटो, फाइलला हात न लावता, पाठवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दाबलेल्या फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही.